खोबरेल तेलाची फोडणी

आमच्याकडे खोबरेल तेल डोक्याला लावतात. एवढी साधी गोष्ट माझ्या नवऱ्याच्या डोक्यात शिरवता शिरवता माझी अख्खी थंडी गेली, आणि अजूनही विषय निघाला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तेलाचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकते. भंडाऱ्यात एका केरळी नर्सबाईकडे मी खोबरेल तेलातली मासळी खाल्ली आहे आणि बोटं चाटली आहेत. तिच्या पोरांना त्या वासाने भूक लागते. आमच्या भागातल्या माणसाला त्या वासाने वेणी आठवते, फणी आठवते, शाळेत जायच्या आधी आईने डोकं गच्च धरून ठेवलेलं आठवतं. ज्याच्या घरचं जे. माझा राग तेलावर नाही. तो घरात स्वयंपाक न करता स्वयंपाकघर चालवणाऱ्या माणसावर आहे.

नवरा वरठीच्या एका कारखान्यात आहे. तिथे कामगारांची दरवर्षी तपासणी होते. दिवाळीच्या आधी त्याचा रिपोर्ट आला, कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, तेल कमी खा आणि रोज चाला. यातली एकही गोष्ट त्याच्या सोयीची नव्हती. कारखाना आमच्या घरातून दिसतो, तरी तो मोटरसायकलवर जातो. मग त्याने मोबाइलमध्ये दुसरा डॉक्टर शोधून काढला. पांढरा कोट, गळ्यात नळी, मागे नारळाच्या झाडाचं चित्र. हा डॉक्टर सांगायचा, तेल कमी करायची काही गरज नाही, फक्त तेल बदला. हे नवऱ्याला एकदम पटलं.

एका रविवारी तो नागपूरला गेला आणि येताना मोटरसायकलच्या मागे दोरीने बांधून खोबरेल तेलाचा मोठा डबा घेऊन आला. ओट्यावर तो ठेवून म्हणाला, "आजपासून ह्या घरात हेच तेल चालन. फोडणीपासून केकपर्यंत."

"केक कोण करते आपल्या घरी?" मी विचारलं.

"करत जा ना मंग."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी पोळ्या, भाजी, दोघांचे डबे, सासूबाईंचं गरम पाणी, हे सगळं उरकून मी बस पकडते. त्यात आता मी केक करत जायचा होता.

आमचं जुनं तेल जवसाचं. रोजच्या फोडणीला दुकानातलं सोयाबीनचं असायचं, पण वांग्याच्या भाजीवर, चटणीवर, सासूबाईंच्या गरम भातावर जवसाचंच. गावी, एकोडीला, सासूबाईंच्या वाट्याचं थोडं वावर आहे, ते चुलत दीर करतो. धान कापायच्या आधीच उभ्या पिकात, ओल्या चिखलात, लाखोरीचं कडधान्य आणि जवस फेकून ठेवतात. धान निघून जातं आणि खालून हे हिरवं वर येतं. त्या जवसाचं तेल घाण्यावरून काढून दीर दरवर्षी कॅनमध्ये भरून आणून देतो. कडसर, पिवळंधमक तेल. ज्याने लहानपणापासून खाल्लं त्यालाच ते आवडतं.

त्या रविवारी दुपारी नवरा फडकं घेऊन दारांच्या चौकटी पुसत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा त्याच्या हातात फडकं पाहिलं. मला बरं वाटलं. जवळ जाऊन पाहते तर फडक्याला जवसाचं तेल. मोबाइलने सांगितलं होतं की लाकडाला ते फार मानवतं.

"अवो, ते खायचं तेल होय!" मी ओरडले.

"होतं," तो म्हणाला. "आता लाकडाचं आहे. जुन्या लोकायले माहीत नोतं म्हणून खात होते."

सासूबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. त्यांच्या वावरातलं तेल त्यांच्या डोळ्यांसमोर चौकटी पीत होत्या. उरलेलं त्याने मोटरसायकलच्या चेनला सोडलं. मी बोलले, पण बोलून उपयोग काय, कॅन रिकामी झाली होती.

मग सुरू झाला आमचा नवा स्वयंपाक. लाखोरीच्या डाळीला खोबरेलाची फोडणी. पाटोडीच्या रश्श्यावर खोबरेलाचा तवंग. सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळल्या तर घरभर असा वास, जसं कोणी शंभर पोरींच्या वेण्या घालायला बसलं आहे. थंडी वाढली तसं डब्यातलं तेल गोठलं. मी ते चमच्याने खरवडून कढईत टाकायची. शाळेत दुपारी डबा उघडला की वांग्यावर पांढरा थर बसलेला असायचा, मेणबत्ती विझल्यावर बशीत राहतं तसा. आमच्या शाळेतल्या एक बाई रोज विचारायच्या, "मॅडम, आज डोकं धुतलं का?" आधी मी हसायची. नंतर मी वर्गातच बसून डबा खायला लागले.

तुम्ही विचाराल, मी ऐकून का घेतलं? मी विरोध करून पाहिला. एकदा चोरून सोयाबीनच्या तेलात भाजी केली. नवरा पहिल्या घासाला थांबला आणि म्हणाला, "आज वास नाई आला." मग त्याने तासभर मला शिरांमध्ये काय साचतं ते समजावलं. हृदयविकाराने गेलेल्या दोन ओळखीच्या माणसांची नावं घेतली. "मी मेलो त तुले चालन काय?" असंही विचारलं. रोज सकाळी एवढं भांडायला वेळ लागतो, आणि माझी बस कोणासाठी थांबत नाही. म्हणून मी खोबरेल खरवडत राहिले.

आणि हा मनुष्य स्वतः काय करत होता? एक दिवस शाळेला सुट्टी होती, मी कामाने स्टेशनकडे गेले. तिथल्या टपरीवर नवरा उभा. हातात तर्री-पोह्याची प्लेट. त्या तर्रीवर लाल तेल असं तरंगत होतं की पोहे शोधावे लागत होते. त्याने मला पाहिलं. मी त्याला पाहिलं. प्लेट खाली ठेवायची सोडून तो पटपट खायला लागला.

घरी आल्यावर म्हणाला, "दोस्तायनं आग्रह केला. बाहेरचं बाहेर, घरचं घरी."

घरचं घरी म्हणजे मी आणि त्याची म्हातारी आई. त्याच्या कोलेस्टेरॉलचं पथ्य आम्ही दोघी पाळत होतो.

सासरे गेल्यापासून सासूबाई आमच्याकडे राहतात. एकोडीच्या घराला कुलूप आहे. त्या मुळात कमी बोलतात, आणि ताटात पडेल ते खातात. शिळा भात असो, करपलेली पोळी असो, त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी भाजीत दोनदा मीठ घातलं होतं, तीही त्यांनी मुकाट खाल्ली आणि वर मागून घेतली, म्हणजे मला वाईट वाटू नये. अशा बाईने ताट सरकवायला सुरुवात केली तर कोणाच्या लक्षात येणार?

"मले भूक नाई व," त्या म्हणायच्या. "सकाळचंच पोटात आहे."

सकाळचं म्हणजे चहा आणि दोन टोस्ट. हळूहळू त्या भाजी घेईनाशा झाल्या. मग डाळ. मग कोरडा भात, त्यावर पाणी, चिमूटभर मीठ आणि कच्चा कांदा, एवढ्यावर आल्या. मी वाढायला गेले की हात ताटावर आडवा धरायच्या. नवऱ्याला याचं केवढं कौतुक! तो फोनवर नातेवाइकांना सांगायचा, "माय पाहा कशी हलकं जेवते. ह्या वयात असंच जेवाव लागते. आपल्या घरी आता सगळे हेल्दी झाले."

हेल्दी! त्यांच्या बांगड्या मनगटावर राहीनात, कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पोलकं ढगळं झालं म्हणून मी शिवण आत घेतली. थोड्या दिवसांनी पुन्हा घेतली. आंघोळीला पाटावर बसल्या की पाठीचे मणके वरून खालपर्यंत दिसायचे. मी नवऱ्याच्या मागे लागले तेव्हा कुठे भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, पोटावरून यंत्र फिरवलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "वय झालं आता." नवऱ्याने मान हलवली. वय झालं म्हटलं की कोणालाच काही करावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसाची भूक मेली तर तिच्या मागे जाऊन बघायची पद्धतच नाही आपल्याकडे.

डॉक्टरांनी ताकदीची पावडर लिहून दिली होती. ती दुधात कालवून द्यायची. नवऱ्याने त्यात स्वतःच्या हाताने चमचाभर खोबरेल तेल घातलं, आईला अजून ताकद यावी म्हणून. सासूबाईंनी पेला दोन्ही हातांत धरला, त्याच्याकडे बघून हसल्या आणि "ठेव, थंड झालं का पितो," म्हणाल्या. तो कारखान्यात गेल्यावर त्या मोरीशी गेल्या आणि पेला ओतून, घासून, पालथा घालून आल्या. मला वाटलं चव आवडली नसेल.

मग केक आलाच. सासूबाईंना आपला जन्म पोळ्याच्या आसपासचा, एवढंच ठाऊक. आधार कार्डावर एक जानेवारी आहे. त्यांच्या वयाच्या अर्ध्या गावाची तीच तारीख आहे, कारण नोंदवणाऱ्याला तीच सोपी पडली. आमची मुलगी पुण्याला नोकरी करते. तिने फोन केला की या वेळी आजीचा वाढदिवस करा, मी व्हिडिओवर येते. नवऱ्याने लगेच कृती शोधली. कणीक, गूळ, केळं, दही आणि खोबरेल तेल. मैदा नाही, लोणी नाही, अंडं नाही.

शाळेतून येऊन मी कामाला लागले. थंडीने तेल दगड झालेलं. ते सुरीने कापून वाटीत घेतलं, वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ केलं, आणि दह्यात ओतलं तर दही थंड म्हणून पुन्हा त्याचे पांढरे दाणे झाले. पुन्हा सगळं कोमट केलं. कुकरच्या तळाला मीठ पसरलं, शिटी काढली, भांडं आत ठेवलं. तासाभरात घर त्या वासाने भरून गेलं. केक चांगला झाला होता, हे मुद्दाम सांगते. छान फुगला, वरून तांबूस झाला, आणि मी कोपऱ्यातला तुकडा खाऊन पाहिला तर गुळाची चवही उतरली होती. दुसऱ्या कोणाच्या घरी वाढला असता तर मी कृती विचारली असती.

सासूबाईंना नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं. मुलगी फोनच्या पडद्यावरून टाळ्या वाजवत होती. नवऱ्याने आईचा हात धरून केक कापला, मोठा तुकडा उचलला आणि त्यांच्या तोंडात घातला. मी फोन धरून उभी होते, म्हणून मला त्यांचा चेहरा जवळून दिसला. त्यांनी तुकडा तोंडात घेतला आणि त्या थांबल्या. चावला नाही, गिळला नाही. डोळे भरून आले. नवरा म्हणाला, "पाह्य, माय रडून राहिली आनंदानं." मुलगीही "आजी, सो स्वीट" म्हणाली. सासूबाईंनी एकदा मान हलवली, पदर तोंडावर धरला आणि उठल्या. मोरीपर्यंत पोचल्या नाहीत. उंबऱ्यातच ओकल्या. केकच्या तुकड्याशिवाय पोटातून काही निघालं नाही, कारण पोटात काही नव्हतंच.

मुलीने घाबरून फोन ठेवला. मी सासूबाईंचं तोंड धुतलं. नवरा मागे उभा राहून म्हणत होता, "येवढं काय झालं? केक त चांगला आहे. मायचेही नखरे वाढले आता."

मी हातातला तांब्या आधी खाली ठेवला, नाहीतर तो फेकला असता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. नवरा पहिल्या पाळीला गेला. सासूबाईंना मी अंगणात उन्हात बसवलं, स्वतः समोर जमिनीवर बसले आणि सरळ विचारलं. "आई, खरं सांगा. जेवण काहून सोडलं तुमी? माह्या हातचं आवडत नाई का?"

"तुह्या हाताले काय झालं व," त्या म्हणाल्या. त्यांनी लुगड्याचा काठ बोटांत गुंडाळला, सोडला. मग म्हणाल्या, "तेल आहे ना ते."

"वास येते म्हणून?"

"वासाचंच आहे, पन तू समजते तसं नाई." आणि मग ही कमी बोलणारी बाई बोलत राहिली.

"आमच्या एकोडीले बाईमाणूस मेलं का मले बलावत. शेवटची आंघोळ घालाले. माणसं भायेर तिरडी बांधत, अन् आमी बाया आत लुगड्याचा आडोसा धरत. आंधी डोकं धुवाव लागे. दुखण्यातल्या बाईचे केस म्हंजे गुताडा व नुसता, फणी जाये नाई. मंग खोबऱ्याचं तेल ओताव, वंजळभर, अन् खालून खालून इचराव. ओढाव नाई. मेलेल्या माणसाले लागत नाई म्हणते लोकं, पन आपला हात आयकत नाई. कितीक बाया इचरल्या मी. आपल्या सासूले, जावेले, शेजारणीले."

मला हे माहीत नव्हतं. या घरात इतकी वर्षं राहून माहीत नव्हतं.

"त्याचंबी काई नाई वाटे मले," त्या म्हणाल्या. "घरी येऊन राखडीनं हात घासले, आंघोळ केली, का भाकर खात होती मी. पन मंग माही पोरगी गेली."

नवऱ्याची मोठी बहीण. आमच्या बैठकीत तिचा फोटो आहे, दोन वेण्या पुढे घेतलेल्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्यातच गेली, बाळही गेलं. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची गोष्ट. घरात तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. मला एवढंच सांगण्यात आलं होतं.

"बाया म्हणे, तू सरक, आमी करतो. मी म्हटलं, नाई. लहानपणापासून मीच इचरले, आजबी मीच इचरीन. गुडघ्यापावतर केस होते तिचे. तीन दिवसाच्या कळांनी घामानं सगळे एक झाले होते. अख्खी बाटली लागली तेलाची. दोन वेण्या घातल्या मी तिच्या." त्यांनी दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडे धरले. "तवापासून मी डोक्याले ते तेल लावलं नाई. आता घास तोंडाजवळ आणला का तिचं डोकं माह्या हातात येते. सांग, खाऊ कशी?"

मी त्यांचे हात धरून बसले. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता. सकाळ-संध्याकाळ, डाळीतून, भाजीतून, दुधाच्या पेल्यातून आम्ही या बाईला तेच खाऊ घालत होतो, आणि ती हसून ताट सरकवत होती.

"मंग सांगितलं काहून नाई, आई? एका शब्दानं सांगितलं असतं त..."

"सांगून काय करू?" त्या म्हणाल्या. "त्याच्या जिवाचं आहे म्हणते ना तो. शिरा भरल्या म्हणे त्याच्या. हेच तेल खाल्लं त वाचते म्हणे. एक लेकरू गेलं माहं. माह्या जेवणापायी ह्याचं काई कमी-जास्त झालं त?"

हे ऐकलं आणि माझ्या डोळ्यांसमोर टपरीवरची ती लाल प्लेट आली. पोराचा जीव वाचावा म्हणून आई पाणीभात खात होती, आणि पोरगा स्टेशनवर उभा राहून तर्री पीत होता. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. दुपारभर मी भांडी आपटत राहिले. एक कपबशी फुटली, ती फुटायलाच हवी होती.

चार वाजता नवरा आला. त्याला मी चहासुद्धा दिला नाही. स्वयंपाकघरात उभं करून सगळं सांगितलं, एकेक शब्द. त्याचा चेहरा उतरला. क्षणभर मला वाटलं, आता हा आईजवळ जाऊन तिच्या पायाशी बसेल. तो गेलाही. बसलाही. आणि त्याने खिशातून मोबाइल काढला.

"माय, हे मनाचं असते," तो म्हणाला. "मनाले समजवाव लागते. हे पाह्य, डॉक्टर काय सांगते."

आणि त्याने तो व्हिडिओ लावला. नारळाचं झाड, पांढरा कोट, गळ्यात नळी. सासूबाईंनी पोराच्या मानाखातर सगळा पाहिला. डॉक्टर हिंदीत बोलत होता, मधेच इंग्रजीत, आणि त्यातलं त्यांना किती समजलं कोण जाणे. मी दारात उभी होते. नवरा म्हणत होता, "पाहिलं? वाईट काईच नाई यात. थोडे दिवस खाऊन पाह्य, सवय होते."

मग मात्र माझा तोल गेला. "सवय?" मी म्हटलं. "तुमाले झाली का सवय? स्टेशनवरच्या तर्रीचं सांगा ना आईले! सांगा, कोणत्या तेलाची असते ते! तुमच्या जिवासाठी ही बाई उपाशी राहून राहिली, अन् तुमी बाहेर प्लेटावर प्लेटा खाऊन राहिले!"

व्हिडिओ चालूच होता. सासूबाईंनी हात लांब करून मोबाइल पालथा केला. आवाज खाटेच्या चादरीत दबून गेला.

"तू भायेर खाते?" त्यांनी विचारलं.

नवऱ्याने मोबाइल बंद करून खिशात टाकला.

"रोज खाते?"

"रोज नाई, माय. कधीमधी."

"मंग मी कायले उपाशी राहिली रे, बाबू?"

त्या ओरडल्या नाहीत. रागावल्यासुद्धा नाहीत. खरंच उत्तर हवं असल्यासारखं त्यांनी विचारलं. पन्नाशीला आलेला माणूस, घरात तेल कोणतं यावं हे ठरवणारा, खाली मान घालून चादरीवरचे धागे उपटत बसला. मला त्याची दया आली असती तर बरं झालं असतं, पण नाही आली.

मी आत गेले. खोबरेलचा डबा ओट्यावरून उचलला आणि न्हाणीघरात नेऊन ठेवला. कढई राखेने घासली, मग साबणाने, मग लिंबाने. पळी, झारा, कुकरचं भांडं, सगळं घासलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून साध्या तेलाची पिशवी आणली. ताजी वांगी चिरली, भेदरे चिरले, म्हणजे तुमचे टोमॅटो, लाखोरीची डाळ शिजवली आणि लसणाची खमंग फोडणी दिली. खिडकी मुद्दाम बंद ठेवली. घरात दुसरा कसला वास शिल्लक राहू नये म्हणून मी दोनदा मिरची जाळली, तिघेही खोकलो.

दिवेलागणीला बैठकीत ताटं वाढली. सासूबाईंसमोर भात, डाळ, वांगं. त्यांनी ताट नाकाजवळ नेलं नाही, पण थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. मग डाळ भातावर ओढली, कालवली आणि पहिला घास घेतला. चावला. गिळला. दुसरा घेतला. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठून आत गेले, कारण मला त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं. परत आले तर त्यांनी स्वतःहून डाळीच्या भांड्याकडे बोट दाखवलं. मी दोन पळ्या डाळ वाढली.

नवऱ्याने आपल्या ताटाला हात लावला नव्हता. तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत होता. बहीण गेली तेव्हा तो शाळेत होता. त्या दिवशी त्याला माणसांबरोबर लाकडं आणायला पाठवलं होतं, आडोशाच्या आत काय झालं ते त्याला कोणी सांगितलं नाही, आणि त्यानेही इतक्या वर्षांत विचारलं नाही.

"माय," तो म्हणाला, "ताईचे केस इतले लांब होते?"

सासूबाईंनी घास कालवता कालवता त्याच्याकडे पाहिलं.

"आता मले जेऊ दे," त्या म्हणाल्या.